विश्लेषण : हँडल मारताच जुना ट्रॅक्टर का धडधडतो? इंजिनाला नाव देऊन गेलेल्या रुडॉल्फ डिझेल यांची गोष्ट

शनिशिंगणापूर म्हटले की दार-कुलुपाविना घरे, उघड्या चौथऱ्यावरची काळी शिळा आणि तिच्यावर भाविक वाहत असलेले तेल डोळ्यांसमोर येते. गावाबाहेर पडले की चित्र बदलते. नेवासा तालुक्याचा हा पट्टा उसाचा. रस्त्याच्या कडेला बैल फिरवून लाकडी चरकातून रस काढणाऱ्या रसवंत्या दिसतात आणि त्यांच्या मागे उसाचे फड. याच भागात काय, राज्यातल्या कुठल्याही बागायती गावात एखाद्या वस्तीवर लिंबाखाली वर्षानुवर्षे उभा असलेला जुना ट्रॅक्टर सापडतो. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेला, भंगारात द्यायला मन होत नाही असा.

असा ट्रॅक्टर कुणी हौसेने दुरुस्तीला काढला, पत्रा ठोकून घेतला, रंग दिला, टायर बदलले, तरी खरी परीक्षा शेवटी असते. हँडल मारल्यावर इंजिन पकडणार का? पहिला काळा धूर निघेपर्यंत घरातले सगळे श्वास रोखून उभे असतात. गंमत अशी, की त्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो आणि पेटती ज्योतही नसते. केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर इंधन पेटते. या एका कल्पनेवर ज्या माणसाने आपले आयुष्य लावले, त्याचेही पहिले इंजिन कितीतरी महिने सुरू होत नव्हते. तो माणूस म्हणजे रुडॉल्फ डिझेल.

कोण होते रुडॉल्फ डिझेल?

रुडॉल्फ यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील थिओडोर पुस्तकबांधणीचे आणि चामड्याच्या वस्तू बनवण्याचे काम करत. घरची परिस्थिती बेताची होती. पॅरिसमधल्या तंत्रविषयक संग्रहालयात जाऊन जुनी यंत्रे पाहत बसणे हा या मुलाचा आवडता उद्योग होता.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमध्ये राहणाऱ्या जर्मनांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथेही पोट भरणे अवघड झाले, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात नातेवाईकांकडे पाठवण्यात आले. त्यांना आश्रय देणारे क्रिस्टोफ बार्निकेल हे गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरी राहून रुडॉल्फ यांनी तिथल्या औद्योगिक शाळेत शिक्षण घेतले आणि शिष्यवृत्ती मिळवून म्युनिकच्या तंत्रविद्यालयात प्रवेश घेतला. शेवटच्या परीक्षेच्या वेळी विषमज्वराने गाठले. परीक्षा लांबली. १८८० मध्ये ती दिली, तेव्हा गुण मात्र अव्वल होते.

एका तासाने आयुष्य कसे बदलले?

म्युनिकमध्ये रुडॉल्फ यांना शिकवणारे प्राध्यापक होते कार्ल फॉन लिंडे. आजच्या फ्रिजमागचे थंडावा निर्माण करण्याचे तंत्र उभे करणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव पहिल्या रांगेत येते. वर्गात त्यांनी वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडला. शंभर रुपयांचा कोळसा जाळला, तर जेमतेम दहा रुपयांचे काम मिळते, बाकी उष्णता वाया जाते, असा त्याचा मथितार्थ होता. विद्यार्थी रुडॉल्फ यांच्या डोक्यात हा तोटा घर करून बसला.

त्यामागे आणखी एक विचार होता. वाफेचे इंजिन प्रचंड, महागडे आणि बॉयलरशिवाय न चालणारे. ते गिरणी मालकाला परवडत होते. विणकर, सुतार, लोहार अशा छोट्या कारागिराला नाही. त्यामुळे मोठा कारखाना लहान माणसाला गिळत होता. कमी इंधनावर चालणारे छोटे इंजिन मिळाले, तर कारागीर आपल्या पायावर उभा राहील, असे रुडॉल्फ यांना वाटत होते. पुढे १९०३ मध्ये त्यांनी कामगारांच्या सहकारी व्यवस्थेवर एक पुस्तकही लिहिले. सहकारी साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या वाचकाला हा विचार परका वाटणार नाही.

शिक्षणानंतर रुडॉल्फ लिंडे यांच्याच बर्फ बनवण्याच्या व्यवसायात पॅरिसला नोकरीला लागले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी विवाह झाला. नोकरी सांभाळून ते वाफेऐवजी अमोनियावर चालणाऱ्या इंजिनाचे प्रयोग करत राहिले. त्यात यश आले नाही. पण उच्च दाबाखाली वायू कसा वागतो, याचा अभ्यास पक्का झाला.

ठिणगीशिवाय इंधन पेटते कसे?

सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, हा अनुभव अनेकांना आहे. हवा झपाट्याने दाबली की ती तापते. डिझेल इंजिनाचे सगळे रहस्य यात आहे. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा मूळ जागेच्या सोळाव्या ते विसाव्या भागापर्यंत दाबली जाते. तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. डिझेल आपोआप पेटायला त्याच्या निम्म्याहूनही कमी तापमान पुरते. त्यामुळे नोझलमधून बारीक फवारा आत पडताच तो पेटतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधी एकत्र होतात आणि मग ठिणगीने पेटतात. तिथे हवा फार दाबली तर मिश्रण वेळेआधीच पेटते. रुडॉल्फ यांनी आधी फक्त हवा दाबायची आणि इंधन शेवटच्या क्षणी सोडायचे ठरवले. त्यामुळे दाब हवा तेवढा वाढवता येऊ लागला. दाब जास्त, तर इंधनातून मिळणारे काम जास्त. फेब्रुवारी १८९२ मध्ये त्यांनी जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी ते मंजूर झाले आणि या इंजिनाची मांडणी करणारे त्यांचे पुस्तकही १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

कागदावर सगळे जुळत होते. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुत्स यांनी प्रयोगासाठी जागा, माणसे आणि पैसा दिला. पोलादसम्राट क्रुप यांची कंपनीही सोबत आली. आता इंजिन सुरू करून दाखवायचे होते.

पहिल्या दिवशी काय घडले?

१० ऑगस्ट १८९३. सुमारे तीन मीटर उंचीचे, एका सिलिंडरचे इंजिन ऑग्सबर्गच्या कारखान्यात उभे होते. स्वतःच्या ताकदीवर फिरणे त्याला जमत नव्हते, म्हणून कारखान्याच्या वाफेच्या इंजिनावरून पट्टा लावून ते फिरवले जात होते. इंधन आत सोडले आणि मोठा स्फोट झाला. दाब मोजणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. शेजारी उभे असलेले थोडक्यात बचावले.

पाहणाऱ्याला हे अपयश वाटले असते. रुडॉल्फ यांच्या दृष्टीने एक गोष्ट सिद्ध झाली होती. दाबलेल्या हवेत इंधन खरोखर पेटते. मात्र इंजिन चालले नव्हते.

त्यानंतर दुरुस्त्यांची रांग लागली. मूळ गणितात सिलिंडरला पाण्याने थंड करण्याची गरजच धरलेली नव्हती. प्रत्यक्षात ती निघाली. आधी ठरवलेला प्रचंड दाब कोणतेही लोखंड सहन करणार नव्हते, तो बराच कमी करावा लागला. पिस्टन आणि सिलिंडरच्या फटीतून हवा निसटत होती. इंधन सारखे फवारले जात नव्हते, म्हणून ते दाबलेल्या हवेच्या झोताने आत मारण्याची सोय करावी लागली. आजचा मेकॅनिक जुन्या इंजिनात रिंगा, नोझल आणि पाणी याच तीन गोष्टी आधी पाहतो. या अडचणी इंजिनाच्या जन्मापासूनच्या आहेत.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी, पहिल्या प्रयोगानंतर सहा महिन्यांनी, सुधारलेले इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरले. किती वेळ? साधारण एक मिनिट. फेरे झाले ८८. तोपर्यंत पट्टा इंजिनाला ओढत होता, त्या क्षणी इंजिन पट्ट्याला ओढू लागले.

त्या एका मिनिटापासून विकण्याजोग्या इंजिनापर्यंत पोहोचायला आणखी तीन वर्षे गेली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के भाग कामात उतरला. वाफेच्या इंजिनाच्या तुलनेत ही झेप मोठी होती. ज्या तोट्याचा हिशेब वर्गात ऐकला होता, तो रुडॉल्फ यांनी जवळपास वीस वर्षांनी भरून काढला.

यश आले, मग बिनसले कुठे?

पेटंटसाठी देशोदेशीच्या उद्योजकांनी रांग लावली. अमेरिकेतले हक्क बिअर उद्योजक अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क देऊन घेतले. चाळिशीत रुडॉल्फ लक्षाधीश झाले. म्युनिकमध्ये त्यांनी राजवाड्यासारखे घर बांधले.

पण चाचणीच्या जागी जाणत्या हातांत चालणारे इंजिन गिऱ्हाइकाच्या दारात गेले की रुसत असे. १८९८ मध्ये केम्प्टेन शहरातल्या आगपेटी कारखान्यात बसवलेल्या इंजिनाने सुरुवातीला बराच त्रास दिला. ऑग्सबर्गमध्ये रुडॉल्फ यांच्या नावाने निघालेली इंजिन कंपनी टिकली नाही. पेटंटवर आक्षेप आले, कज्जे झाले. त्यांची प्रकृती ढासळली आणि काही काळ आरोग्यधामात राहावे लागले. मिळालेला पैसा जमिनींच्या आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत अडकला आणि बुडाला. यंत्राचा हिशेब अचूक मांडणाऱ्या या माणसाला पैशाचा हिशेब जमला नाही.

इंजिन मात्र पुढे जात होते. वीजघरांत, कारखान्यांत आणि जहाजांवर ते बसू लागले. १९१२ मध्ये डेन्मार्कच्या सेलांडिया या मालवाहू जहाजाने डिझेल इंजिनावर लांबचा सागरी प्रवास करून दाखवला. मोठ्यांचे इंजिन म्हणून ते गाजले. ज्या छोट्या माणसासाठी ते कल्पिले होते, त्याच्यापर्यंत अजून पोहोचलेच नव्हते.

शेंगदाणा तेलावर इंजिन खरेच चालले होते का?

होय. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेले एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले गेले. आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये भुईमूग भरपूर पिकत होता, तिथे बाहेरून इंधन न आणता काम भागेल का, हे फ्रेंच सरकारला पाहायचे होते. रुडॉल्फ यांनी पुढे स्वतःही अशा तेलांवर प्रयोग केले. १९१२ च्या सुमारास, शेतात पिकणारे तेल उद्या खनिज तेलाइतकेच महत्त्वाचे ठरू शकेल, अशी मांडणी त्यांनी केली होती.

म्हणून डब्यातले गोडेतेल थेट ट्रॅक्टरच्या टाकीत ओतायचे का? अजिबात नाही. वनस्पती तेल डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असते. फवारा नीट होत नाही, नोझलवर काजळी बसते, रिंगा चिकटतात. हेच तेल मिथेनॉलसोबत रासायनिक प्रक्रिया करून पातळ केले की बायोडिझेल तयार होते आणि तेच ठराविक प्रमाणात डिझेलमध्ये मिसळले जाते. कल्पना रुडॉल्फ यांच्या काळातली असली, तरी प्रक्रिया टाळून चालत नाही.

जहाजावरच्या त्या रात्री काय झाले?

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी रुडॉल्फ बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात ड्रेस्डेन नावाच्या जहाजावर चढले. इंग्लंडमध्ये इंजिन कारखान्याच्या कामासाठी त्यांना जायचे होते. सोबत बेल्जियमचे उद्योजक जॉर्ज कारेल्स होते. सर्वांनी एकत्र जेवण केले. रात्री दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवण्याचा निरोप देऊन रुडॉल्फ आपल्या खोलीकडे गेले.

सकाळी खोली रिकामी होती. अंथरूण वापरलेले नव्हते. टोपी आणि कोट डेकवर कठड्याजवळ सापडले. दहा-एक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी त्याच्याजवळच्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. मुलगा ऑयगेन याने त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे ओळखले. रुडॉल्फ यांचे वय तेव्हा ५५ होते.

निघण्यापूर्वी त्यांनी पत्नीकडे एक बॅग देऊन ती पुढच्या आठवड्यात उघडायला सांगितले होते. तिच्यात रोख रक्कम आणि खाती रिकामी झाल्याचे दाखवणारी कागदपत्रे होती. डायरीत २९ सप्टेंबरच्या तारखेला छोटी फुली होती. आर्थिक ओढाताणीतून त्यांनी आयुष्य संपवले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. युद्धाच्या तोंडावर हेरांनी किंवा तेल कंपन्यांनी त्यांचा काटा काढला, अशा कथा आजही फिरतात. त्यांना पुरावा मिळालेला नाही.

हे इंजिन शेतात कधी आले?

रुडॉल्फ यांच्या हयातीतली इंजिने अवजड होती, कारण इंधन आत मारण्यासाठी हवेचा वेगळा कॉम्प्रेसर लागे. १९२० च्या दशकात जर्मनीत पहिले डिझेल ट्रॅक्टर आले. १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंधन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि कॉम्प्रेसरची गरज संपली. १९३१ मध्ये अमेरिकेच्या कॅटरपिलर कंपनीने डिझेल ट्रॅक्टर बाजारात आणला.

महाराष्ट्रात सातारच्या कूपर कंपनीने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवायला घेतली. १९४६ मध्ये पुण्यात खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. वीज पोहोचण्यापूर्वी राज्यातल्या असंख्य विहिरींवर मोट सुटली आणि इंजिन बसले, ते याच काळात. ट्रॅक्टर त्यानंतर आले. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा आणि १९६० च्या दशकात मुंबईत महिंद्राचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. आज लिंबाखाली उभे असलेले अनेक जुने ट्रॅक्टर याच पिढीतले किंवा तिच्या लगेच नंतरचे आहेत. छोट्या माणसाच्या हाती ताकद देण्याचे रुडॉल्फ यांचे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर असे शेतात उतरले.

वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन सुरू करताना काय पाहतात?

रुडॉल्फ यांना जे पाहावे लागले, तेच. हवा दाबली जाते का, इंधन वेळेवर आणि बारीक फवारते का, आणि तयार झालेली उष्णता टिकते का.

इंधन : टाकीतले जुने डिझेल, खाली बसलेले पाणी आणि गाळ काढून टाकी धुतात. फिल्टर नवा घालतात. मग लाइनमधली एअर काढतात. पाइपात हवेचा बुडबुडा राहिला, तर पंप इंधन ढकलण्याऐवजी ती हवाच दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे आणि बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की स्क्रू आवळायचा. पुढे पंपाशी आणि नोझलच्या नटाशी हेच करायचे. नवी बॅटरी घालूनही इंजिन पकडत नाही, तेव्हा बऱ्याचदा दोष या एअरचा असतो.

दम : हँडल हळू फिरवताना ठराविक जागी इंजिनाने जोरदार अटकाव करायला हवा. हँडल सैल फिरले, तर रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेले, असे समजतात. इंजिन जाम असेल तर जोर लावत नाहीत. नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडे पातळ ऑइल सोडून काही दिवस मुरू देतात. फिरवण्याआधी उरलेले ऑइल बाहेर निघेल याची काळजी घेतात, कारण हवेसारखे ऑइल दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

हँडल : अनेक जुन्या इंजिनांवर डिकॉम्प्रेशन लिव्हर असतो. तो उचलला की व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो, हवा दाबली जात नाही आणि हँडल हलके फिरते. फ्लायव्हीलने वेग धरला की लिव्हर सोडायचा. फ्लायव्हीलच्या जोरावर पिस्टन हवा दाबतो, ती तापते आणि पहिला धमाका होतो. सावकाश फिरवले तर उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरून जाते. थंडीत सकाळी इंजिन आढेवेढे घेते, ते यामुळेच. त्यासाठी काही इंजिनांत हीटर दिलेला असतो.

सुरक्षा : गिअर न्यूट्रलला आहे ना, हे आधी पाहावे. हँडलला अंगठ्याची मूठ मारू नये, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिन उलटे मारले तर मनगट मोडते. इंजिन बंद करण्याचा लिव्हर चालतो का, हेही आधी तपासावे. दुरुस्तीनंतर इंजिन बेफाम सुटले, तर हवेचे तोंड फळीने झाकून बंद करता येईल अशी तयारी ठेवावी, पण हाताने झाकू नये. सुरू झाल्यावर ऑइलचा दाब चढतो की नाही हे पाहूनच रेस वाढवावी.

इतके करूनही पहिल्या दिवशी इंजिन पकडेलच असे नाही. पुन्हा एअर काढावी लागते, पुन्हा नोझल तपासावे लागते. ऑग्सबर्गला पहिल्या मिनिटासाठी सहा महिने लागले होते. रुडॉल्फ डिझेल यांची नेमकी जागा सांगणारी समाधी कुठेच नाही, कारण त्यांचा देह समुद्रात राहिला. त्यांचे नाव मात्र पंपावर, टाकीच्या झाकणावर आणि शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आहे. लिंबाखालचा ट्रॅक्टर हँडल मारल्यावर धुराचा लोट सोडून धडधडू लागतो, तेव्हा १८९४ मधले तेच एक मिनिट पुन्हा सुरू होते आणि या वेळी ते ८८ फेऱ्यांवर थांबत नाही.